कॅमेऱ्याच्या धंद्यात यायचं, तर मुक्कामाला या

मोबाइल किंवा संगणक बनवणाऱ्या कंपनीनं कॅमेऱ्याच्या धंद्यात उतरावं का, हे विचारायला गोंदियातल्या एका स्टुडिओवाल्याकडे कोणी येणार नाही. पण तिचा डाव फसला, तर तिचा कॅमेरा हातात घेऊन बसायची पाळी आमच्यासारख्यांवरच येते. लग्नाच्या ऑर्डरी, पासपोर्ट फोटो, शाळांचे ग्रुप फोटो आणि वेळ काढून सारस पक्षी, हे माझं काम. रोलच्या काळापासून आजच्या मिररलेस कॅमेऱ्यांपर्यंत किती कंपन्या आल्या आणि किती गेल्या, ते मी दुकानाच्या काउंटरवरून पाहिलं. सोनी आली आणि टिकली. सॅमसंग आली आणि गेली. ॲपल एकदा माघार घेऊन दुसऱ्या दारानं आत शिरली. आता शाओमीच्या फोनवर लायकाचं नाव असतं, विवोच्या फोनवर झाईसचं. ते बघून दुकानातली पोरं विचारतात, "काकाजी, हे लोक सरळ कॅमेराच का नाही काढत?"

जरूर काढावा, असं माझं मत आहे. फक्त त्यासाठी काही गोष्टी कबूल असाव्या लागतात. त्या इथे जशा आठवतील तशा लिहितो.

१. फोननं काय खाल्लं आणि काय उरलं, ते आधी बघावं

जपानमधली कॅमेरा उत्पादकांची संघटना सिपा दरवर्षी विक्रीला बाहेर पडलेल्या कॅमेऱ्यांचे आकडे छापते. २०१० साली जगभर सुमारे १२ कोटी १५ लाख डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून निघाले. २०२० साली निघाले फक्त ८९ लाख. त्या वर्षी करोना होता हे खरं, पण करोना सरल्यावरही ते दिवस परत आले नाहीत. २०२३ मध्ये आकडा ७७ लाखांपर्यंत उतरला आणि २०२४ मध्ये थोडा वर सरकून ८५ लाखांच्या घरात आला.

गेले ते प्रामुख्यानं खिशातले कॅमेरे. दिवाळीच्या बोनसमधून घेतलेला, हाजरा फॉलच्या सहलीला आणि कचारगडच्या जत्रेला नेलेला, वर्षभर कपाटात पडून राहणारा कॅमेरा आता कोणाच्याच घरात दिसत नाही. त्याची जागा फोननं घेतली, आणि चांगल्या रीतीनं घेतली. माझी त्याबद्दल तक्रार नाही. माणसं आज जितके फोटो काढतात तितके रोलच्या काळात स्टुडिओवालेही काढत नव्हते.

उरला तो लेन्स बदलता येणारा कॅमेरा. २०२४ च्या ८५ लाखांत असे कॅमेरे सुमारे ६६ लाख होते. म्हणजे बाजार लहान, पण त्यातलं गिऱ्हाईक जाणतं. त्याला कॅमेरा कशासाठी हवा हे नेमकं ठाऊक असतं आणि तो पोटाला चिमटा काढून पैसे मोजतो. वर्षाला कोटींनी फोन विकणाऱ्या कंपनीला हा बाजार चिल्लर वाटणार. सगळी गडबड इथून सुरू होते. चिल्लर वाटणाऱ्या कामात कोणी जीव ओतत नाही, आणि जीव न ओतता केलेला कॅमेरा पहिल्याच लग्नसराईत उघडा पडतो.

२. बाहेरच्यांनी येऊच नये, हे मला पटत नाही

कॅमेरा करावा तर कॅमेरावाल्यांनीच, असं म्हणणारे जुने जाणते लोक माझ्या ओळखीत आहेत. त्यांना मी कोडॅकची आठवण करून देतो. कोडॅकच्याच स्टीव्ह सॅसन या तरुण अभियंत्यानं १९७५ मध्ये पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला. वजन साडेतीन किलोच्या वर, चित्र शंभर बाय शंभर ठिपक्यांचं आणि काळं-पांढरं, ते कॅसेटच्या फितीवर उतरायला लागायचे २३ सेकंद. शोध घरातच लागला होता. पण कोडॅकचं पोट फिल्म, कागद आणि रसायनं यांवर भरत होतं, आणि रोल न लागणारा कॅमेरा जोरानं विकणं म्हणजे आपल्याच पोटावर पाय देणं होतं. पुढे डिजिटलमध्ये कंपनीनं हातपाय मारले, तरी जानेवारी २०१२ मध्ये तिला दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला.

आता दुसरी बाजू. कॅसिओ ही घड्याळं आणि कॅल्क्युलेटर करणारी कंपनी. १९९५ मध्ये तिनं क्यूव्ही-१० नावाचा पाव मेगापिक्सेलचा कॅमेरा काढला. चित्र सुमारच होतं, पण त्याच्या पाठीवर एक लहानसा पडदा होता आणि काढलेला फोटो तिथल्या तिथे बघता येत होता. सामान्य गिऱ्हाइकाच्या कॅमेऱ्याला पाठीवर पडदा लावला तो या घड्याळवाल्यांनी.

त्या पडद्यानं आमच्या लग्नांत काय उलथापालथ केली, हे बाहेरच्याला कळायचं नाही. रोलच्या काळात छत्तीस फोटो मोजून मारायचे. रोल नागपूरच्या लॅबला जायचा, आठवड्यानं प्रिंट हातात यायच्या, आणि तेव्हा कळायचं की स्टेजवरच्या ग्रुपमध्ये नवरदेवाच्या मोठ्या काकांचे डोळे मिटले आहेत. त्यावर इलाज नव्हता. घरचेही नशीब म्हणून सोडून द्यायचे. पाठीवर पडदा आला आणि नवरीची आत्या सरळ माझ्या मागे येऊन उभी राहू लागली. "दाखवा बरं भाऊ." पदराचा आडोसा करून, उन्हात डोळे बारीक करून ती एकेक चेहरा बघणार, मग पंगतीत बसलेल्या काकांना अर्ध्या जेवणावरून उठवून आणणार, "काकाजी, डोळे उघडे ठेवा, परत काढताहेत." तोवर फोटो कसा आला हे ठरवणारा मी एकटा होतो. त्या पडद्यानंतर घरचे लोकही ठरवू लागले, आणि अल्बम सुधारले. हे कॅमेऱ्याच्या जुन्या घराण्यांना आधी सुचलं नाही. त्यांच्या लेखी गिऱ्हाईक म्हणजे कॅमेरा धरणारा. समोर उभा राहणाराही गिऱ्हाईक असतो, हे बाहेरून आलेल्याला दिसलं.

कॅसिओनं २०१८ मध्ये खिशातल्या कॅमेऱ्यांचा धंदा आवरला. तिचा पडदा मात्र आज जवळजवळ प्रत्येक कॅमेऱ्याच्या पाठीवर आहे.

३. नाव मोठं असून भागत नाही

ॲपलनं १९९४ मध्ये क्विकटेक १०० हा कॅमेरा आणला. तो ॲपलसाठी बनवून दिला होता कोडॅकनं. चांगल्या प्रतीचे फक्त आठ फोटो त्यात मावायचे. ते संगणकात उतरवल्याशिवाय किंवा सगळे एकदम पुसल्याशिवाय नववा काढायची सोय नाही. आठ फोटोंत आमच्याकडे मांडवातली हळदसुद्धा पुरी होत नाही. तीन वर्षांत, १९९७ मध्ये, क्विकटेकची मालिकाच बंद झाली.

तीच कंपनी २००७ मध्ये दोन मेगापिक्सेलचा साधा कॅमेरा असलेला आयफोन घेऊन आली, आणि पुढच्या काही वर्षांत फोनवाल्यांनी मिळून खिशातला कॅमेरा संपवला. पहिल्या खेपेला ॲपलनं दुसऱ्याची वस्तू स्वतःचं नाव लावून विकली होती. दुसऱ्या खेपेला ती स्वतःला येत असलेल्या वाटेनं आली. नव्या कंपनीनं आधी ही वाट ओळखावी. लायकाचं किंवा झाईसचं नाव कोरून घेणं सोपं आहे. आपण या वस्तूत स्वतःचं असं काय घालणार, याचं उत्तर त्या नावात सापडत नाही.

४. बॉडी बदलते, लेन्स राहते

ही गोष्ट फोनवाल्यांना सगळ्यात कठीण जाते, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

फोन दोन-तीन वर्षांत बदलायचा असतो, आणि फोनच्या कंपनीचं सगळं गणित त्यावर उभं असतं. कॅमेऱ्याच्या बॉडीचंही आता तसंच होत चाललं आहे. पण लेन्स पंधरा-वीस वर्षं चालते. माउंट म्हणजे बॉडीवर लेन्स बसवायची जागा. निकॉननं एफ माउंट १९५९ मध्ये आणला, कॅननचा ईएफ माउंट १९८७ चा. त्यांच्या जुन्या लेन्स आजही गोंदिया, तिरोडा, आमगावच्या स्टुडिओंत कमाई करून देत आहेत. एखादी पन्नास एमएमची लेन्स नवी घेतली जाते गोंदियात, दोन हंगामांनी ती गोरेगावच्या पोराकडे जाते, तिथून शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी अर्जुनी मोरगावला उसनी, आणि शेवटी कुणा नवख्याच्या पहिल्या ऑर्डरीत. आमच्या धंद्याचं भांडवल ते हेच. बँक त्यावर कर्ज देत नाही, पण अडीअडचणीला ते विकून पैसे उभे राहतात.

सोनीनं हे ओळखलं. ती टीव्ही आणि वॉकमनवाली कंपनी. जानेवारी २००६ मध्ये कोनिका मिनोल्टानं कॅमेऱ्याचा धंदा सोडायचं जाहीर केलं आणि तिचा एसएलआरचा सगळा संसार सोनीनं घेतला. त्याच वर्षी आलेल्या अल्फा १०० वर मिनोल्टाच्या १९८५ पासूनच्या ऑटोफोकस लेन्स बसत होत्या. म्हणजे पहिल्या दिवसापासून सोनीच्या गिऱ्हाइकाला वीस वर्षांचा लेन्सचा साठा मिळाला, आणि मिनोल्टाचं गिऱ्हाईक उघड्यावर पडलं नाही. २०१० मध्ये सोनीनं मिररलेससाठी ई माउंट काढला आणि दुसऱ्याच वर्षी त्याची मूळ माहिती इतर लेन्स बनवणाऱ्यांना खुली करण्याचं जाहीर केलं. सिग्मा, टॅमरॉन यांच्या परवडणाऱ्या लेन्स त्या माउंटवर आल्या. २०१३ मध्ये फुल फ्रेम सेन्सरचा मिररलेस ए७ आला. निकॉन आणि कॅनन त्या प्रकारात उतरले थेट २०१८ मध्ये. ती मधली पाच वर्षं सोनीच्या पदरात पडली, आणि आमच्याकडची लग्नं करणारी तरुण पोरं तेव्हाच तिकडे वळली.

त्यात सेन्सर तर तिच्या घरचाच. निकॉनच्या अनेक कॅमेऱ्यांतही सोनीनं बनवलेले सेन्सर असतात, आयफोनमध्येही असतात. तरीही सोनीनं नुसत्या सेन्सरच्या जोरावर दुकान मांडलं नाही. तिनं आधी एका जुन्या घराण्याच्या लेन्स आणि तिथली माणसं आपलीशी केली. पॅनासॉनिकनं लायकाशी संगत केली ती याच समजुतीनं. मला कोणी एकच उदाहरण मागितलं, तर मी सोनीचं देईन.

माउंट बंद ठेवणाऱ्या कंपन्यांबद्दल माझं मत कडक आहे. स्वतःच्याच महाग लेन्स खपाव्यात म्हणून दुसऱ्यांना वाट न देणं बड्या शहरातल्या फोटोग्राफरला चालून जात असेल. तालुक्याच्या ठिकाणी त्यानं माणूस धंद्याबाहेर फेकला जातो. कॅननचा आरएफ माउंट २०१८ मध्ये आला, आणि सिग्मा-टॅमरॉनच्या ऑटोफोकस लेन्सना परवानगी मिळाली २०२४ मध्ये, तीही लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यांपुरती. नव्या कंपनीनं हा कित्ता गिरवू नये.

५. निघून जाणाऱ्याची किंमत मागे राहिलेला चुकवतो

सॅमसंगनं २०१० मध्ये एनएक्स मालिका काढली. २०१४ चा एनएक्स१ कागदावर तरी त्या वेळच्या कोणत्याही कॅमेऱ्याला भारी होता. २८ मेगापिक्सेल, फोर-के व्हिडिओ, सेकंदाला पंधरा फोटो. आणि वर्षभरातच, २०१५ च्या अखेरीस, युरोपातल्या एकेका देशातून कॅमेरे मागे घेतल्याच्या बातम्या यायला लागल्या. पुढे ती मालिकाच थांबली. कॅमेरा वाईट होता म्हणून नव्हे. फोनच्या राशीपुढे तो धंदा कंपनीला लहान पडला.

निघून जाणं म्हणजे काय, ते मी दुसऱ्याच एका कंपनीच्या बाबतीत जवळून पाहिलं. तिचं नाव लिहीत नाही. माझ्या एका जोडीदारानं पत्नीच्या बचत गटातून कर्ज काढून तिचा कॅमेरा आणि दोन लेन्स घेतल्या होत्या. कंपनीनं कॅमेरे बंद केले, तरी कॅमेरा चालत होता, तेव्हा त्याला काही वाटलं नाही. आधी बॅटरी मिळेनाशी झाली. मूळ बॅटरी अर्ध्या लग्नात मान टाकू लागली, म्हणून त्यानं कुठली तरी डुप्लिकेट मागवली. मे महिन्यातलं लग्न, दुपारचा मुहूर्त, मांडवात पंख्यांचा वाराही गरम. मंगलाष्टकं सुरू असताना ती बॅटरी फुगली आणि कप्प्यात अडकून बसली. कॅमेरा बंद, बॅटरी बाहेर निघेना, कार्ड त्याच झाकणाखाली. समोर अंतरपाट धरलेला. त्यानं दुसऱ्या व्हिडिओवाल्याच्या हातातला कॅमेरा मागून ते काम निभावलं. दुसऱ्या दिवशी दुरुस्तीवाल्यानं झाकण कापून कार्ड काढून दिलं. त्या दोन्ही लेन्स आज कोणत्याच बॉडीवर बसत नाहीत, कोणी घ्यायला तयार नाही. कर्जाचे हप्ते मात्र पुरे फेडावे लागले.

म्हणून माझं म्हणणं असं, की या धंद्यात पाऊल टाकणाऱ्या कंपनीनं पहिल्याच दिवशी, विक्री झाली नाही तरी बॅटरी, चार्जर आणि सुटे भाग दहा वर्षं मिळतील, हे लेखी द्यावं. सोडून जायचीच वेळ आली, तर मिनोल्टासारखं कोणाच्या तरी हाती सोपवून जावं. ऑलिंपसनंही २०२० मध्ये कॅमेऱ्याचा विभाग विकायचं ठरवलं, तेव्हा तो ओएम डिजिटल नावाच्या नव्या कंपनीकडे गेला आणि लेन्स चालू राहिल्या.

६. जिथे फोन हात टेकतो, तिथे या

महाराष्ट्रात सारस पक्षी बघायचा तर गोंदियाला यावं लागतं. थोडे भंडाऱ्याकडे, थोडे वैनगंगा आणि बाघ नदीपलीकडे बालाघाटच्या बाजूला. दरवर्षी जूनमध्ये सेवा ही संस्था, वनविभाग, शेतकरी आणि स्वयंसेवक पहाटे ठरलेल्या ठिकाणी उभे राहून त्यांची गणती करतात. विजेच्या तारा, शेतातली औषधं, कोरड्या पडलेल्या बोड्या, म्हणजे लहान तळी, यांनी त्यांची संख्या इतकी घटवली आहे, की उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून त्यात लक्ष घातलं. उभा राहिला की माणसाइतका उंच पक्षी. जोडीनं राहतो, जोडीनं ओरडतो.

रोवणी आटोपल्यावर, बांधीत पाणी भरलेलं असताना, तो धानातच गवताचा ढीग रचून अंडी घालतो. शेतकऱ्याला ठाऊक असतं घरटं कुठे आहे ते. तो तेवढी जागा सोडून निंदण करतो. आपण धुऱ्यावरच थांबायचं. पुढे एक पाऊल टाकलं की मादी उठते, आणि मादी उठली की अंडी कावळ्यांना उघडी. दोनशे-अडीचशे मीटरवरून फोन काढला, तर हिरव्यात एक राखी ठिपका दिसतो. फोन कितीही मेगापिक्सेलचा असला तरी त्याची लेन्स नखाएवढी आहे, आणि तिच्यातून येणाऱ्या उजेडाला मर्यादा आहे. इथे १५०-६०० एमएमसारखी लांब लेन्स लागते. तिला पर्याय नाही.

लांब लेन्स असूनही एक त्रास जुनाच होता. कॅमेऱ्याचा ऑटोफोकस पक्ष्याच्या डोळ्यावर न बसता समोरच्या धानाच्या लोंबीवर बसायचा. लाल डोकं धूसर, लोंबी लख्ख. असे किती फोटो पुसले असतील. मग २०२० च्या सुमारास कॅनन आर५, त्यानंतर सोनी ए१ असे पक्ष्याचा डोळा ओळखणारे कॅमेरे आले. लोंबी मधे हलत असली तरी फोकस डोळ्यावर चिकटून राहतो. हे काम लेन्सचं नाही. ते चिपचं आणि तिला शिकवलेल्या अकलेचं आहे, म्हणजे संगणकवाल्यांच्या घरचं. फोनवाल्यांचा यात कोणी हात धरू शकणार नाही. त्यांनी ती अक्कल मोठ्या लेन्सच्या मागे आणून बसवावी. असा कॅमेरा आजच्या निम्म्या किमतीत मिळाला, तर सारसाची नोंद ठेवणारी शेतकऱ्यांची पोरंसुद्धा तो घेऊ शकतील.

दुसरी जागा अंधाराची. दिवाळी सरली की आमच्याकडे झाडीपट्टीची नाटकं सुरू होतात. रात्र रात्र चालतात. स्टेजवर एकीकडे प्रखर दिवे, दुसरीकडे काळोख, आणि नट एका जागी उभा राहणारा नाही. फोनचा नाइट मोड अनेक फोटो एकावर एक रचून उजेड वाढवतो, पण हलणाऱ्या माणसाचा चेहरा त्यात फिसकटतो. नाटकमंडळींना पोस्टरसाठी फोटो लागतो तो संवाद तोंडात असतानाचा.

७. समोर नाही ते यंत्रानं रंगवू नये

२०२३ मध्ये सॅमसंगच्या फोननं काढलेल्या चंद्राच्या फोटोंवरून वाद झाला. मुद्दाम धूसर केलेल्या चित्रावरही फोननं खड्डे-डाग उमटवले, असं एकानं दाखवून दिलं. दृश्य चंद्राचं आहे हे ओळखून एआयच्या मदतीनं तपशील वाढवले जातात, असं कंपनीनं मग समजावून सांगितलं. चंद्र सगळ्यांचा एकच आहे, त्यामुळे त्यात फार बिघडलं नाही. वाघाचं तसं नाही.

आमच्याकडचा नवेगाव-नागझिरा हा व्याघ्र प्रकल्प २०१३ मध्ये जाहीर झाला. नागझिऱ्यातून निघून उमरेड-कऱ्हांडल्यात नाव कमावणारा आणि २०१६ मध्ये दिसेनासा झालेला जय वाघ ज्यांनी पाहिला, ते अजून त्याच्याबद्दल बोलतात. जंगलात वाघाची ओळख पटते ती अंगावरच्या पट्ट्यांवरून. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे, शिवाय एकाच वाघाची डावी बाजू आणि उजवी बाजूही वेगळी. म्हणून पाणवठ्याच्या वाटेवर दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरा ट्रॅप बांधतात. २०१८ च्या देशव्यापी गणनेत असे कॅमेरे २६,८३८ ठिकाणी लावले होते. ३ कोटी ४८ लाखांवर फोटो जमले, त्यात वाघाचे ७६,६५१. एवढ्या ढिगातून प्राणी वेगळे काढायला आणि पट्टे जुळवायला सॉफ्टवेअर वापरलं गेलं. ते नसतं तर हे काम माणसांच्यानं उरकलं नसतं.

आता विचार करा, त्या कॅमेऱ्यानं अंधारातल्या धूसर पट्ट्यात 'सुधारणा' करून दोन रेषा आपल्या पदरच्या घातल्या, तर एका वाघाचे दोन होतील. सारसाच्या पिलाचंही तेच, सर्पदंशाच्या नोंदीसाठी काढलेल्या सापाच्या फोटोचं तेच, जमिनीच्या भांडणात दाखवायच्या बांधाच्या फोटोचंही तेच. फोटो निवडायला, शोधायला, फोकस धरायला यंत्राची बुद्धी हवीच. चित्रात भर घालायला नको, आणि घालायचीच असेल तर ती बंद करायचं बटण वरच्या वर असावं, पाच मेन्यूंच्या आत दडवलेलं नसावं. नवरीच्या चेहऱ्यावरचा तीळसुद्धा परस्पर पुसायचा अधिकार कॅमेऱ्याला नाही. तिनं सांगितलं तर मी पुसतो.

८. सगळ्यांच्या दारात रांग लावण्यापेक्षा नवं दार काढावं

डीजेआय ही चीनची कंपनी २००६ ची. २०१३ मध्ये तिचा फँटम ड्रोन आला. निकॉन-कॅननशी ती समोरासमोर भिडलीच नाही. त्यांचा कॅमेरा जिथे पोचत नव्हता, तिथे तिनं आपला उडवला, आणि २०१७ पर्यंत हॅसलब्लाडसारख्या जुन्या घराण्याचा मोठा वाटा तिच्याकडे आला. आज खेड्यातल्या लग्नातही वरात निघाली की "भाऊ, ड्रोन आणला ना?" हा पहिला प्रश्न. फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्र सरकारनं विदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी आणली, तेव्हा देशी कंपन्यांना हे दार आपोआप उघडं झालं. लग्नाच्या कामाला टिकेल असा स्वस्त, दुरुस्त होणारा भारतीय ड्रोन मी अजून मनापासून शोधतो आहे. पुण्या-बंगळुरूच्या एखाद्या कंपनीला कॅमेऱ्यात उतरायचं असेल, तर मी तिला आधी हा रस्ता दाखवीन. सारसाच्या घरट्यावर मात्र ड्रोन नेऊ नये, हे प्रत्येक शिकाऊ पोराला मी बजावतो.

९. कोंडा, दमट हवा आणि नागपूर

गोंदिया राइस मिलचं गाव. हवेत धानाच्या कोंड्याची बारीक धूळ कायम असते, मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या पुढे जातो, आणि पावसाळ्यात लेन्सच्या आतल्या भिंगावर बुरशीची जाळी धरते. आम्ही हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून लेन्स ठेवतो. बाहेरगावहून आलेल्या कॅमेऱ्याची खरी परीक्षा इथे होते. बिघडला तर नागपूर, म्हणजे रेल्वेनं सव्वाशे-दीडशे किलोमीटर. जायचा एक दिवस, आणायचा एक दिवस. तिथूनही माल पुढे मुंबई-दिल्लीला पाठवला, तर हंगाम गेलाच. कंपनीनं स्थानिक कारागिरांना सुटे भाग आणि माहिती द्यावी, एवढं केलं तरी पुष्कळ आहे.

१०. जुन्याचा भाव बघून नवं घ्यावं

कॅमेरा घेताना मी जाहिरात बघत नाही. त्या कंपनीचा चार-पाच वर्षांचा जुना कॅमेरा नागपूरच्या बाजारात काय भावानं जातो, ते विचारून येतो. भाव टिकून असेल तर भाग मिळतात, लेन्स मिळतात, कारागीर मिळतो, आणि पुढचा घेणारा मिळतो. नव्या कंपनीकडे हा भाव नसतो, कारण तिचा जुना कॅमेराच नसतो. तो विश्वास तिला दुसऱ्या रीतीनं मिळवावा लागेल. ठरलेल्या किमतीला जुना परत घेण्याचं वचन देता येईल. हंगामभर कॅमेरा भाड्यानं देता येईल, म्हणजे कर्ज न काढता पोरांना तो लग्नांत वापरून बघता येईल.

कंपनीचा माणूस कधी दुकानात आलाच, तर त्याच्यासाठी माझ्याकडे चार प्रश्न आहेत. बॅटरी आणि भाग किती वर्षं देणार? माउंट दुसऱ्यांना खुला करणार का? नागपुरात दुरुस्ती कोण करेल? जुना कॅमेरा कोणत्या भावानं परत घेणार? या चारांची उत्तरं त्यानं कंपनीच्या कागदावर सही-शिक्क्यानिशी दिली, तर त्याचा पहिला कॅमेरा मी येत्या लग्नसराईत माझ्या पैशानं घेईन आणि सालेकसा-देवरीच्या पोरांनाही घ्यायला सांगेन.